छातीचा वाटा

"ताट खाली ठेव," जाऊबाई म्हणाल्या. "ठेव म्हणते ना."

आइकाच्या तोंडात घास होता. तो गिळावा की काढून टाकावा, हे तिला कळेना. अंगणातल्या सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. मी आतल्या खोलीत पलंगावर बाळाला पाजत होते, तिथूनच दारावरचा पडदा जरा सारून बघायला लागले. बाळंतिणीनं तीन महिने उंबरा ओलांडायचा नाही, ही आमच्या डोंगराची रीत. बघायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही.

"तिनंच दिलं मला," आइका म्हणाली. "ती मटण खात नाही."

"म्हणजे तिला नको, म्हणून तुला."

"आई, मटण आहे ते. त्यात काय एवढं."

जाऊबाईंनी ताट तिच्या मांडीवरून उचललं आणि माझ्या नवऱ्यासमोर नेऊन ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच. चरबीचे थेंब त्याच्या ख्रिसमसच्या नव्या विजारीवर उडाले.

"भाऊजी, हा वाटा कुणाचा ते पुन्हा एकदा सांगा," त्या म्हणाल्या. "मघाशी मला नीट ऐकू आलं नसेल."

बोकड माझ्या लेकीसाठी कापला होता. ती डिसेंबरच्या सुरुवातीला झाली, पण थोरले दीर दार-एस-सलामहून घरी येतात ते ख्रिसमसला, म्हणून बोकड तोवर केळीच्या बागेत बांधून ठेवला होता. आमच्याकडे बोकड कापायचा म्हणजे नुसतं जेवण नसतं. मान कुणाची, पाठ कुणाची, फऱ्याचा कुठला भाग कुठल्या घरी जायचा हे ठरलेलं असतं, आणि कापणारा पुरुष एकेक तुकडा उचलून नाव घेऊन देतो. नाव चुकलं तर माणसं बोलायची बंद होतात. माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ एका बरगडीपायी मरेपर्यंत आमच्या अंगणात आले नाहीत. आणि बाळाच्या बोकडातली छाती असते ती ज्या हातांनी मूल झेललं त्या हातांची. पूर्वी ती सुईणीला जायची. माझ्या दोन्ही मोठ्या मुलींच्या वेळी जाऊबाईंना गेली, कारण त्या टेकडीवरच्या चर्चच्या इस्पितळात प्रसूती वॉर्डाच्या सिस्टर आहेत आणि दोघींना त्यांनीच झेललं होतं.

या वेळी गॉडलिसननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, छाती उचलली आणि मोठ्यांदा म्हणाला, "ही सिग्नेची."

सिग्ने ही आमच्या घरी राहत असलेली डेन्मार्कची मुलगी. डॉक्टरकीला जायच्या आधी कुठंतरी लांब जाऊन आजाऱ्यांची सेवा करायची म्हणून आलेली. आमच्या इस्पितळात अशी मुलं वर्षभर येत-जात असतात, कुणी काही आठवड्यांसाठी, कुणी काही महिन्यांसाठी. स्वयंसेवक म्हणतात त्यांना. आमच्या घराला फरशीचा संडास आहे आणि एक वेगळी खोली आहे, म्हणून चर्चवाले त्यांच्यातल्या मुली आमच्याकडे पाठवतात. ती खोली आइकाची. आइका ही जाऊबाईंची मुलगी, माझी पुतणी. पाहुणी आली की आइका आजीजवळ झोपते आणि सकाळी उठून पाहुणीच्या अंघोळीचं पाणी तापवते.

सिग्ने वाईट मुलगी नव्हती. तिनं तो तुकडा दोन्ही हातांनी घेतला, आभार मानले, सगळ्यांकडे बघून हसली, आणि कुणाचं लक्ष नाही असं वाटल्यावर हळूच शेजारी बसलेल्या आइकाच्या ताटात सरकवला. आइका खायला लागली.

पण जाऊबाईंचं लक्ष होतं. त्यांचं लक्ष नाही असं कधी होत नाही. आनाएली सिस्टर येताहेत म्हटलं की खालच्या बाजारापर्यंत पोटुशा बायका चालण्याचा वेग वाढवतात, न जाणो, रस्त्यातच थांबवून पाय सुजलेत का बघतील आणि चारचौघांत बोलतील. इस्पितळात त्यांना मागून पिलिपिली म्हणतात, मिरची. कळा देणारी बाई फार ओरडली की त्या म्हणतात, नऊ महिन्यांपूर्वी ओरडली असतीस तर आज दोघींना झोप मिळाली असती. मलाही म्हणाल्या आहेत, दोन्ही वेळा, आणि मी त्यांची सख्खी जाऊ. घरी आल्या की कोपरापर्यंत हात धुतात आणि ते धुऊन होईस्तोवर कुणाला उत्तर देत नाहीत. चिडल्या की त्यांचा आवाज चढत नाही, खाली जातो, आणि वाक्यं आखूड होतात. तेव्हा घरातली कोंबडीसुद्धा त्यांच्या वाटेतून बाजूला होते.

त्यांचा आवाज आत्ता खूप खाली होता.

"मला काय विचारता, वहिनी?" गॉडलिसन विजार पुसत म्हणाला. "मी वॉर्डाबाहेर व्हरांड्यात होतो. दार उघडलं. ही दारात, पांढरा कोट घालून, हातात बाळ. तिनं माझ्या हातात दिलं. मी आणखी काय बघायचं?"

"आणि आइका?"

"असेल आत."

"असेल आत," जाऊबाई म्हणाल्या. "ऐकलंत सगळ्यांनी? असेल आत."

आता हे सांगायला हवं की त्या दिवशी आत काय चाललं होतं, कारण ते माझ्याच अंगावर बेतलं होतं. जाऊबाई त्या वेळी दुसऱ्या एका बाईच्या शस्त्रक्रियेला उभ्या होत्या. वॉर्डाला पगारी सिस्टर त्या एकट्याच, त्यामुळे त्या तिकडे गेल्या की इकडे कुणी नाही. इकडे आइका होती. मूल तिनं झेललं, नाळ कापली, बाळ माझ्या कमरेच्या सुती कापडात, कांग्यात, गुंडाळून सिग्नेच्या हातात दिलं आणि म्हणाली, बाहेर काकांना दाखव. कारण तोवर माझं रक्त थांबत नव्हतं. सिग्ने बाळ घेऊन गेली. तिनं तिला सांगितलं ते केलं, नीट केलं. दार उघडलं, बाहेर माझ्या नवऱ्यानं फोनवर फोटो काढले, पांढऱ्या कोटासकट. आत आइका माझ्या पोटावर एक मूठ दाबून आणि दुसरी आत घालून उभी होती आणि माझ्याशी बोलत होती. काकू डोळे मिटू नको, काकू बोल, तुझ्या आईचं नाव सांग, तुझ्या शाळेचं नाव सांग. मी सांगत होते. मध्येच नावं आठवेनाशी झाली, तेव्हा तिनं मला चापट मारली. आईचीच मुलगी.

तर ती अशी आत होती.

सासूबाई चुलीपाशी माझ्यासाठी केळी-मटणाची म्तोरी ढवळत होत्या. त्यांना भांडणाचं वाईट वाटत नव्हतं, पाहुणीसमोर भांडण होतंय याचं वाटत होतं. त्या म्हणाल्या की लेकराच्या तोंडचा घास काढून घेणं कुठल्या शहाणपणात बसतं, आणि परदेशची पोर काय म्हणेल, तिकडे जाऊन काय सांगेल. थोरले दीर एलिरेहेमा भोपळ्यातली केळ्यांची बीअर शांतपणे संपवत होते. ते म्हणाले, "आनाएली, नंतर बोलू." ते बंदरावरच्या गोदामात कामाला आहेत, वर्षातून दोनदा घरी येतात आणि दोन्ही वेळा नंतर बोलू म्हणतात. जाऊबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

त्यांनी गॉडलिसनला विचारलं की आइका इस्पितळात काय करते असं त्याला वाटतं. तो म्हणाला की मदत करते, सगळ्यांना ठाऊक आहे, फार गुणाची मुलगी आहे.

"मदत," जाऊबाई म्हणाल्या.

या शब्दावर त्या का अडल्या, हे आमच्या घरात सांगावं लागत नाही. त्या स्वतः लग्न होऊन आल्या तेव्हा नुकत्याच नर्सिंगच्या शाळेतून बाहेर पडल्या होत्या. त्या काळी शाळा संपली की नेमणूक यायची, पेटी उचलायची आणि निघायचं. आइकानं तेच शिक्षण घेतलं, चांगल्या गुणांनी घेतलं, आणि दोन वर्षं झाली तरी नेमणूक नाही. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली घरी बसल्यात. जाऊबाई म्हणाल्या, घरी बसायचं नाही, माझ्याबरोबर वॉर्डात यायचं. दिसत राहायचं. जागा निघते तेव्हा दिसणाऱ्या माणसालाच मिळते. देवावर आहे तेवढीच त्यांची यावर श्रद्धा होती. तेव्हापासून आइका दिवसपाळी करते, रात्रपाळी करते, रविवारी जाते, आणि पगार नाही. तिलाही इस्पितळात स्वयंसेवकच म्हणतात. सिग्नेच्या गळ्यात नावाचा बिल्ला आहे आणि अंगात तिचा स्वतःचा पांढरा कोट. आइकाच्या अंगात आईचा जुना निळा गणवेश, कमरेत टाचून लहान केलेला. बिल्ला नाही, कारण बिल्ले नोकरांना देतात आणि पाहुण्यांना देतात, आणि ती दोन्हींत बसत नाही.

ईस्टरला सिस्टर नोएला निवृत्त झाल्या आणि वॉर्डात पगाराची एक जागा मोकळी झाली. मग काय विचारता. जेवणाआधीची आमची प्रार्थना लांबली. सासूबाई देवाकडे आधी पाऊस मागायच्या, मग कॉफीला भाव, मग आजाऱ्यांना आराम; आता सगळ्यांत आधी सिस्टर नोएलाची जागा मागायला लागल्या, तीसुद्धा नाव घेऊन, देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून. थोरल्या दिरांनी दार-एस-सलामहून आइकासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट पाठवले. ती नेमणूक झाल्यावर घालीन म्हणाली. ईस्टर गेला, कॉफीची तोडणी झाली, बूट खोक्यात आहेत.

गॉडलिसनला हे सगळं माहीत होतं. पण गॉडलिसन गिर्यारोहक पाहुण्यांना डोंगराच्या फाटकापर्यंत नेणारी गाडी चालवतो. गोऱ्या माणसाला खूश ठेवणं हा त्याचा धंदा आहे आणि धंदा तो घरी काढून ठेवत नाही. सिग्ने आल्यापासून तिचे वडील काय करतात, घर केवढं आहे, तिच्या चर्चमध्ये माणसं किती, हे त्यानं हसतखेळत विचारून घेतलं होतं. आमच्या पहिल्या मुलीला त्याच्या आईचं नाव आहे, दुसरीला माझ्या आईचं. तिसरीचं नाव मोकळं असतं. बाळ झालं त्याच दिवशी तो म्हणाला होता, हिचं नाव सिग्ने ठेवू या. मी म्हटलं होतं, मला आधी उठून बसू दे.

जाऊबाईंना ते नावाचंही कळलेलं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एका तुकड्यात विमानाचं तिकीट येत नाही. पुढल्या वेळी अख्खा बोकड द्या."

गॉडलिसन चिडला. तो म्हणाला की वहिनींना प्रत्येक गोष्टीत घाण दिसते, ही पोर हजारो मैलांवरून आपला पैसा खर्चून आपल्या बायकांची सेवा करायला आली, तिला एक तुकडा मानानं दिला तर घरातल्या घरात एवढं जळायचं कारण काय. आणि आइकाचं म्हणाल तर ती घरचीच आहे, घरच्या माणसाला काय द्यायचं आणि काय घ्यायचं.

एवढं ऐकलं आणि मी बाळाला पलंगावर ठेवलं. बाळ रडायला लागलं, लागू दे म्हटलं. उंबरा ओलांडून बाहेर आले. डोक्याला कापड नव्हतं. सासूबाईंच्या हातातला डाव तिथंच थांबला. त्या म्हणाल्या, आत हो, वारा लागेल, वेड लागलंय का. मी नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. बऱ्याच दिवसांनी इतकं चालले होते.

"मूल आइकानं झेललं," मी म्हटलं. "तू बाहेर फोटो काढत होतास तेव्हा तिचा हात माझ्या आत होता. म्हणून ती दारात आली नाही. ती दारात आली असती तर आज तू हा बोकड माझ्या मातीला कापला असतास."

"मग तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? तू फोटो दाखवत फिरत होतास, खालच्या बाजारापर्यंत."

गॉडलिसननं मान खाली घातली. तो मनानं वाईट नाही, पण त्याला भांडण उरकायची घाई फार. त्यानं ताटातला तुकडा उचलला, उभा राहिला आणि मघासारखाच मोठ्यांदा म्हणाला, "माझं चुकलं. छाती आइकाची." आणि तिच्यापुढं धरला. झालं, मिटलं, अशा चेहऱ्यानं सासूबाईंकडे बघितलं.

आइकानं हात पुढे केला. जाऊबाईंनी तो मधेच धरला.

"तिला नको झालेला?" त्या म्हणाल्या.

मग त्या मुलीकडेच वळल्या. मला वाटलं होतं त्या गॉडलिसनवर चिडल्या आहेत. त्या त्याच्यावर होत्याच, पण खरा राग तिथं नव्हता. त्यांनी आइकाला विचारलं की हा वाटा तुझा आहे हे तुला माहीत होतं ना. आइका म्हणाली, होतं. मग भाऊजींनी सिग्नेचं नाव घेतलं तेव्हा तोंड का उघडलं नाहीस? आइका म्हणाली, कशाला उगाच. आणि मग तिनं टाकलेला घेतलास?

"मला वाटलं, कसा का येईना, आला ना माझ्याकडे," आइका म्हणाली.

जाऊबाई बाकावर बसल्या. नंतर जे सांगितलं ते त्यांनी आठवडाभर कुणाला सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

ख्रिसमसच्या आधी त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. त्यांनी विचारलं होतं की सिस्टर नोएलांच्या जागेचं काय झालं, नव्या वर्षात तरी भरणार का. मोठे डॉक्टर चांगलं बोलले. बसा म्हणाले. आइकाचं कौतुक केलं, अशी मुलगी शोधून मिळणार नाही म्हणाले. आणि मग म्हणाले, पण सिस्टर, काम कुठं अडलंय? आइका आहे, पाहुण्या मुली आहेत, वॉर्ड छान चाललाय. जागा भरायची घाई नाही. त्या पगारात आपण नव्या वर्षात क्ष-किरणाच्या खोलीचं छत करून घेऊ.

"मी काय म्हणाले माहीत आहे?" जाऊबाई म्हणाल्या. "मी म्हणाले, बरं साहेब. आणि हात धुवायला गेले."

सासूबाईंनी डाव खाली ठेवला.

"दोन वर्षं हिला सांगतेय, दिसत राहा. ती दिसते म्हणूनच त्यांना जागा दिसत नाही. तिचा पगार तिनंच बुडवला, फुकट काम करून. आणि तिला तिथं नेली कुणी? मी."

एलिरेहेमांनी भोपळा बाजूला ठेवला होता. ते पहिल्यांदाच नंतर बोलू म्हणाले नाहीत.

सिग्ने इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला आमची भाषा हळू बोललं तर कळायची, आणि आम्ही हळू बोलत नव्हतो. पण आपल्यामुळं काहीतरी झालं आणि पगाराची गोष्ट आहे, एवढं तिला समजलं. तिचा चेहरा लाल झाला. शब्द जुळवत ती म्हणाली की तिला माहीत नव्हतं, तिला वाटत होतं आइकाला पगार आहे. ती आजच घरी लिहील. त्यांच्या गावच्या चर्चमधली माणसं फार चांगली आहेत, ती गोळा करतील, आइकाचा वर्षाचा पगार सहज गोळा होईल.

सासूबाईंनी तिथल्या तिथं हात जोडून हालेलुया म्हटलं. गॉडलिसननं माझ्याकडे असं बघितलं की जणू हे त्यानंच घडवून आणलं.

जाऊबाई उठल्या आणि सिग्नेसमोर जाऊन बसल्या. तिच्याशी त्या सावकाश बोलल्या, एकेक शब्द सुटा, इस्पितळात घाबरलेल्या पहिलटकरणीशी कधीकधी बोलतात तशा. आवाज मात्र खालचाच.

"बाळा, तू कधी जाणार?"

"फेब्रुवारीत."

"मग दुसरी कुणी येईल. ती तुझ्यासारखी चांगली असेल नाहीतर नसेल. तुझ्या चर्चची माणसं एक वर्ष देतील. पुढच्या वर्षी त्यांना दुसरं कुणी आठवेल. आणि इस्पितळाला मुलगी फुकटच राहील. माझ्या मुलीचा पगार कुणी थाळी फिरवून गोळा करायचा नाही. ती भीक नाही मागत. तिनं काम केलंय."

सिग्ने रडायला लागली. मोठ्यांदा नाही, खाली बघून. सासूबाई लगबगीनं पाणी आणायला उठल्या. आइका तिच्या खांद्यावर हात ठेवायला सरकली.

"बस तिथंच," जाऊबाई म्हणाल्या. "रडू दे तिला. तू दोन वर्षांत एकदाही रडली नाहीस."

आइका बसली. पण आता तिचाही चेहरा बदलला होता. एवढा वेळ ती मान खाली घालून होती. तिनं ती वर केली, आणि मला पहिल्यांदा दिसलं की तिची हनुवटी अगदी जाऊबाईंसारखी आहे.

ती म्हणाली की हे सगळं ठीक आहे, पण बायकांचं काय. वरच्या वाडीतली जुळी असलेली बाई या आठवड्यात येईल. तिचं दुसरं मूल आडवं आहे. तिला आइकानंच तपासलं होतं, आइकानंच सांगितलं होतं की घरी राहू नकोस, इस्पितळात ये.

"मी आहे," जाऊबाई म्हणाल्या.

"तू एकटी आहेस. तू शस्त्रक्रियेला उभी राहिलीस की वॉर्डात कोण? काकूच्या वेळी तू होतीस का? मी नसते तर काकू..."

ती थांबली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अजून तिथंच उभी होते, अंगणाच्या मधोमध, अनवाणी. आत बाळ रडून रडून थकलं होतं, आता नुसतं कण्हत होतं.

मला ती वरच्या वाडीची बाई माहीत आहे. बाजारात माझ्याशेजारी टोमॅटो विकते. ती त्याच पलंगावर निजणार ज्यावर मी निजले होते, आणि दार उघडेल तेव्हा आत कोण असेल ते मला माहीत नाही. मला म्हणावंसं वाटलं की आइका, तू जा, पगार गेला खड्ड्यात, तू जा. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी जिवंत राहिले ते तिच्या फुकटच्या कामावर, आणि तेच पुन्हा मागायला मला तोंड नव्हतं. गॉडलिसननं स्वतःचं जाकीट काढून माझ्या खांद्यावर टाकलं, तेवढं बरं केलं.

जाऊबाई मुलीकडे बघत होत्या. त्या बाईला आडवं मूल आहे हे त्यांना आइकाइतकंच माहीत होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"ही काळजी कुणाची आहे?" शेवटी त्या म्हणाल्या. "ज्यांच्याकडे जागा आहे आणि पगार आहे त्यांची. आपण ती उचलली म्हणून त्यांनी छताचं काम काढलं. आता ती त्यांना उचलू दे. त्या बाईला मी उद्याच सांगेन, इथं एकच सिस्टर आहे, तिनं मोशीच्या मोठ्या इस्पितळात जावं. जाण्याची सोय भाऊजी करतील, त्यांच्या गाडीतून."

गॉडलिसन हो म्हणाला. दुसरं काही म्हणण्याची त्याची छाती नव्हती.

"आणि मोठे डॉक्टर ऐकलेच नाहीत तर?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "जागा गेली तर कायमची गेली. देव देता देता..."

"देवाकडे नाहीये ती जागा, सासूबाई. त्याला मधे घालू नका."

मग जाऊबाई अंगणातल्या हौदापाशी गेल्या. कोपरापर्यंत हात धुतले, दोन्ही हात, सावकाश, बोटांच्या बेचक्यांसकट. कांग्याच्या टोकाला हात पुसत त्या आमच्याकडे वळल्या.

"सोमवारपासून आइका वॉर्डात येणार नाही. ती तिच्या बाबांबरोबर दार-एस-सलामला जाईल, तिथं औषधांच्या दुकानांत नर्सिंग शिकलेल्या मुली घेतात. इस्पितळाला ती हवी असेल तर सिस्टर नोएलाच्या जागेवर पगारानं बोलवायचं, ती दुसऱ्या दिवशी परत येईल. उद्या प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या दारात मी मोठ्या डॉक्टरांना हेच सांगणार आहे, सगळ्यांदेखत. आइका, तुझी पेटी काढ."